हिरो कोणता घेतला?

आमच्या गावात, रामाकोन्यात, कम्प्युटरवर कोणता खेळ खेळायचा हे ठरवताना पहिला विचार लाईनचा करावा लागे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मध्य प्रदेशात भारनियमन जोरात होतं. लाईन कधी जाईल हे ठरलेलं असे आणि तरी ती भलत्याच वेळी जाई. शर्यतीचे, बंदुकांचे, मारामारीचे खेळ अशा गावात रुजणं अवघड. ऐन मोक्याला पडदा काळा झाला की सगळं मुसळ केरात. रुजला तो आळीपाळीने चाली करायचा खेळ, 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'चा तिसरा भाग. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग या अमेरिकी कंपनीने तो 1999 साली काढला. आमच्यापर्यंत तो नागपूरच्या सीताबर्डीवरून आलेल्या एका ओरखडलेल्या सीडीतून पोचला. त्यात परी, ड्रॅगन, भुतं, जादूगार सगळं होतं. पण आमच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण हा की नवा दिवस उजाडला की डाव आपोआप जतन होई. लाईन गेलीच तर फार तर त्या एका दिवसाच्या चाली बुडत. राज्य शाबूत राही.

दुसरा गुण असा की एका कम्प्युटरवर चौघं-पाचजण खेळू शकत. आपल्या चाली झाल्या की वाळूच्या घड्याळाचं बटण दाबायचं आणि खुर्ची सोडायची. मग दुसरा बसणार. पहिल्याने तोंड फिरवायचं, कारण दुसऱ्याच्या फौजा कुठे आहेत हे बघणं म्हणजे लबाडी. अख्ख्या ओळीत कम्प्युटर एका दोस्ताच्याच घरी. त्याच्या मोठ्या भावाला डीसीए हा कम्प्युटरचा कोर्स करायचा होता म्हणून तो घेतलेला. आमचा नंबर येईपर्यंत आम्ही ओसरीवर बसून पुढचा बेत करत असू, आणि ओसरीवरचा हा बेत खुर्चीतल्या खेळापेक्षा कमी रंगत नसे. आठवडा बदलला की पडद्यावर ज्योतिषी जाहीर करत की हा आठवडा अमुक प्राण्याचा. दोस्ताची आजी आतून विचारायची, "पंचांग सांगते काय रे ते?" तिचा अंदाज चुकीचा नव्हता.

खेळायला बसलेल्याला ओसरीवरून पहिला प्रश्न जाई तो एकच: "हिरो कोन्ता घेतला बे?"

या प्रश्नावर डाव फिरतो, म्हणून त्याचं जरा सविस्तर सांगतो. खेळाच्या मूळ आवृत्तीत आठ प्रकारची नगरं होती, प्रत्येक नगराचे दोन पेशांचे नायक आणि प्रत्येक पेशात आठजण. म्हणजे एकशे अठ्ठावीस. प्रत्येकाला नाव, चेहरा, चार ओळींचं चरित्र आणि एक खास विद्या. गुन्नार नावाच्या नायकाची विद्या चालण्याची. इतरांचा दिवस संपला तरी तो थोडा पुढे सरकलेला असतो. क्रॅग हॅक हा रानटी योद्धा, त्याच्या हाताखाली सैनिकांचा घाव जड पडतो. सोल्मीर हा निळ्या अंगाचा जिन, त्याला पहिल्या दिवसापासून साखळी वीज पाडता येते. ती वीज एका तुकडीवरून दुसऱ्या तुकडीवर उडी मारते, आणि बेताने नाही पाडली तर शेवटची उडी आपल्याच माणसांवर पडते.

आता नकाशात कुठेतरी एक जादूची विहीर असते. तिच्यावर गेलं की नायकाची संपलेली मंत्रशक्ती पुन्हा भरते. क्रॅग हॅक घेऊन खेळणारा या विहिरीकडे ढुंकून बघत नाही. त्याला दिसतो रस्ता, कारण फरसबंद रस्त्यावर निम्म्या कष्टात चालणं होतं; त्याला दिसतात शेजारच्या फौजा आणि त्यांची मोजदाद. तोच नकाशा सोल्मीर घेऊन उघडला की सगळी मांडणी त्या विहिरीभोवती फिरू लागते. लढाई कुठे करायची, तर विहिरीपासून एका दिवसाच्या अंतरावर. किती दूर जायचं, तर परत येता येईल इतकंच. कालपर्यंत जो दलदलीचा कोपरा आपण टाळत होतो तिथेच आज मुक्काम, कारण विहीर तिकडे आहे. नकाशा बनवणाऱ्याने एक खडाही हलवलेला नसतो. पुन्हा पुन्हा तीच मोहीम खेळण्यात काय राम आहे, असं घरचे विचारत. उत्तर त्या विहिरीत होतं, पण वडिलांना ते समजावून सांगण्याची माझी टाप नव्हती.

पुन्हा खेळावासा वाटावा म्हणून खेळ करणारे दोन वाटा धरतात. एक वाट भूमी बदलण्याची. याच मालिकेचा आजोबा शोभेल असा 'किंग्ज बाउंटी' 1990 साली आला. त्यात राजदंड कुठेतरी पुरलेला असतो, आणि प्रत्येक नव्या डावात तो वेगळ्या जागी असतो. नायक फक्त चार: सरदार, धर्मयोद्धा, रानटी आणि जादूगारीण. दुसरी वाट म्हणजे भूमी तीच ठेवून माणूस बदलू देण्याची. मला दुसरी जास्त भावते. राजदंडाची जागा बदलली की फार तर शोध लांबतो. माणूस बदलला की शोधायचं काय, हेच बदलतं.

मोहिमांमध्ये, म्हणजे एकामागून एक नकाशे जिंकत जाण्याच्या लांब कथेत, आणखी एक गंमत असे. एक नकाशा संपून पुढचा सुरू होताना नायक आपली शिकलेली विद्या आणि मंत्र घेऊन पुढे जातो. फौज मात्र मागे राहते. इतक्या मेहनतीने जमवलेले ड्रॅगन पुढच्या पानावर नाहीतच. आणि दर नकाशाच्या तोंडाशी तीन भेटी समोर ठेवतात, त्यातली एकच घ्यायची: थोडं सैन्य, किंवा एखादी जादूची वस्तू, किंवा सोनं. पहिल्यांदा खेळताना सगळे सैन्य घेतात.

ही निवड आम्हाला नवी नव्हती. उद्योगपर्वात कृष्ण झोपलेला आहे, दुर्योधन उशाशी बसलाय, अर्जुन पायाशी. जागा झाल्यावर कृष्ण पर्याय ठेवतो: एकीकडे माझी नारायणी सेना, दुसरीकडे मी एकटा, तोही शस्त्र न धरता. अर्जुन माणूस घेतो, दुर्योधनाला सेना मिळते आणि तो खुशीत परत जातो. कीर्तनात या जागी हमखास हशा पिकतो, दुर्योधनाच्या अकलेवर. मला त्या हशात सामील होणं जड जायला लागलं ते या खेळामुळे. पहिल्याच नकाशात, समोर बलाढ्य शत्रू असताना, मिळतंय ते सैन्य घेणं हा काही मूर्खपणा नव्हे; हिशेबाने ती बरोबर चाल आहे. दुर्योधनाचं चुकलं असेल तर इतकंच की त्याने एका नकाशाचा हिशेब केला आणि अर्जुनाने मोहिमेचा. शिवाय दुर्योधनाला डाव पुन्हा मांडून बघायची सोय नव्हती. आम्हाला होती. मी दोन्ही बाजूंनी बघितलंय, सैन्य घेऊन लवकर जिंकता येतं आणि मग चौथ्या नकाशात नायक अर्धशिक्षित निघतो.

एकच मोहीम वेगवेगळे नायक घेऊन खेळायची हौस मराठी वाचकाला कम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची. एकच गोष्ट ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. 1967 मध्ये शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. तिथे महाभारताचा तोच पट, पण नायक कर्ण, आणि सांगणारे सहाजण. आमच्याकडे शाळा हिंदी, बोली मराठी. मराठी पुस्तकं तालुक्याच्या गावाहून, सौंसरहून, किंवा नागपूरच्या पाहुण्यांकडून येत, आणि 'मृत्युंजय' ज्या घरी जाई तिथून पुढच्या घरी जाई. ती वाचलेला माणूस पुढे कित्येक महिने अर्जुनाचं नाव निघालं की नाक मुरडतो, हा माझा पाहण्यातला अनुभव आहे. विहीर तीच, पण आता तो दुसऱ्या नायकाबरोबर तिच्यावर येतो. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं. त्यात कुणालाच नायकपण देऊ केलेलं नाही. गांधारीपासून कर्णापर्यंत एकेकाला समोर बसवून शांतपणे तपासलंय. मला आज विचाराल तर 'युगान्त' जवळचं वाटतं. 'मृत्युंजय'मधला कर्ण इतका स्वच्छ धुऊन निघालाय की त्याला घेऊन खेळताना हरायची भीतीच वाटत नाही. पण सोळाव्या वर्षी माणसाला तपासणी नको असते, बाजू हवी असते.

बाजूचा खेळ 2000 सालच्या 'शॅडो ऑफ डेथ' या जोड-आवृत्तीत फार लबाडीने खेळलाय. सँड्रो नावाचा एक मांत्रिक आहे, मेलेल्यांची हाडं उठवून फौज करणारा. जेम नावाची एक भली वैदू आणि आपला क्रॅग हॅक यांना तो गोड बोलून कामाला लावतो. ते त्याच्यासाठी जादुई वस्तूंचे तुकडे जिवावर उदार होऊन गोळा करतात. हे सगळं आपणच खेळतो. मग त्या वस्तू वापरून सँड्रो मोठा होतो, आणि ती मोहीमही आपणच खेळतो. शेवटी फसवले गेलेले एकत्र येतात आणि त्याच्यावर चालून जातात, तेही आपणच. फसणारा, फसवणारा आणि सूड घेणारा हे तिन्ही अंगावर घेतल्यावर सँड्रोचा म्हणावा तसा राग येईना. दोस्त म्हणाला, "आपूनच तर त्याले मोठा केला, राजा."

इथपर्यंत सगळी निवडीची चैन. आमच्याच भागात एक मोहीम अशी आहे की ती दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवशी खेळली जाते आणि तिथे निवड शून्य. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रामाकोन्यात पोरं लाकडी नंदी सजवून तान्हा पोळा करत असतात, नागपुरात मारबती निघालेल्या असतात, आणि पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवर गोटमार सुरू असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, दोन्हीकडून दगड. झेंडा तोडून आणायचा, मग तो चंडी मातेला वाहायचा. दरवर्षी शेकड्याने माणसं जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले. लोक पुन्हा दगडांवर आले.

सांगतात ते असं. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी पळून जात होती. नदीत असतानाच दोन्ही गावांना सुगावा लागला आणि दोन्ही काठांवरून दगड आले. तीच लढाई अजून चालू आहे. तुम्ही कोणाकडून, हे जन्माने ठरतं, नाहीतर सासरवरून. आणि मला सगळ्यात विचित्र वाटतं ते हे की या कथेचे खरे नायक-नायिका ती दोघं. ती ना या काठावर ना त्या काठावर, जिथे झेंडा रोवतात तिथे पाण्यात. पण त्यांच्या बाजूने खेळायची सोयच नाही. इतकी वर्षं मोहीम चालू आहे, आणि ज्यांच्यावरून ती सुरू झाली त्यांना कुणी निवडूच शकत नाही. माझ्या हातात असतं तर मी पहिला नायक तो मुलगा ठेवला असता, खास विद्या पोहणं.

माझ्या हातात काही आलं ते बऱ्याच वर्षांनी, लॅपटॉपवर. या खेळाबरोबर नकाशे बनवायचं साधन येतं, कुणालाही वापरता येईल असं. सगळ्यात मोठा नकाशा 144 गुणिले 144 चौकटींचा, खाली हवं तर तेवढंच भुयारी जग. एका पावसाळ्यात मी आपला मुलूख मांडायला घेतला. खाली नागपूर, वर छिंदवाडा, मध्ये आम्ही. कन्हान नदी वरून आणली आणि रामाकोन्यापाशी तिच्यावर पाणचक्की ठेवली. खेळात पाणचक्कीवर आठवड्यातून एकदा सोनं मिळतं, नदीकाठच्या वांग्या-टमाट्यावर जगणाऱ्या गावाला ते शोभलं. संत्र्याच्या बागांसाठी काही सापडेना, शेवटी पवनचक्क्या लावल्या. त्यातून आठवड्याला काय मिळेल याचा भरवसा नसतो, संत्र्याच्या भावासारखाच. लाकडाच्या वखारी सातपुड्यात, सागवानामुळे. भुयारी जगाला तर विचारच करावा लागला नाही, कारण सौंसर तालुक्याच्या पोटात मँगनीज आहे. भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांच्या समूहाला सौंसरचंच नाव दिलंय. धातूच्या सगळ्या खाणी मी खाली टाकल्या. सिल्लेवानीच्या घाटात खडकाळ जमीन, म्हणजे पाऊल जड पडणार, आणि खिंडीत एक राखणदार. छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, आगगाडी मात्र काही केल्या बसेना.

मग अडलं ते सीमेवर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, आमचा तालुका त्यात आला. नकाशात प्रत्येक नगराला कुणाचा तरी रंग द्यावा लागतो, लाल किंवा निळा वगैरे. रामाकोन्याला लाल दिलं तर नागपूरकडचं, निळं दिलं तर छिंदवाड्याकडचं. राखाडी रंग म्हणजे कुणाचंच नाही, जो आधी येईल त्याचं. बाजार नागपूरचा, कचेरी तिकडची, दवाखाना नागपूरचा, शिक्का तिकडचा. मी राखाडी ठेवलं.

नायक मात्र शोधावे लागले नाहीत. डोंगरात देवगड आहे, गोंड राजांचं. तिथला जाटबा अकबराच्या काळातला, 'ऐन-ए-अकबरी'त नोंद असलेला. बख्त बुलंद घरच्या भाऊबंदकीत गादी गमावून औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, मदत घेऊन परतला, आणि पुढे त्याच बादशहावर उलटला. 1702 साली त्याने नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान 1739 च्या सुमारास गेला, वली शाहने गादी बळकावली, आणि चांद सुलतानाची विधवा रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं. रघूजींनी वली शाहला हटवलं, तिच्या मुलांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. मग मुलांमध्येच बिनसलं. 1743 मध्ये रघूजी पुन्हा आले ते राहायलाच.

मी तिघांना नायक केलं. नावं रोमन अक्षरांत घालावी लागली, जुन्या खेळाला देवनागरी येत नाही. बख्त बुलंदला चालण्याची विद्या दिली, दिल्ली-दख्खनच्या खेपा घातलेला माणूस तो. रघूजींना चढाई. रतनकुंवरला मुत्सद्देगिरी. ही विद्या असली की वाटेत भेटलेल्या परक्या फौजा लढायच्याऐवजी कधी फुकट, कधी पैसे घेऊन आपल्यात सामील होतात. तिच्यासाठी याहून नेमकं काही नव्हतं. खेळून बघितल्यावर मात्र लक्षात आलं की या खेळात सामील झालेली फौज सामीलच राहते. ती वाटाघाटीला बसत नाही, परत जाऊन पुन्हा येत नाही, तुमच्या नगरात मुक्काम ठोकत नाही. रतनकुंवरच्या हातात ही विद्या दिली की ती सरळ जिंकते.

थोडी कारागिरी करून पाहिली. नकाशात ठरलेल्या दिवशी एखादी घटना घालता येते: पडद्यावर निरोप येतो आणि खजिन्यात भर पडते किंवा खजिन्यातून वजा होतं. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी रतनकुंवरला निरोप येईल असं केलं, रघूजी परत आले आहेत, आणि निम्म्याहून जास्त सोनं वजा. नगर दुसऱ्याच्या नावावर करायची सोय या साधनात नाही.

दिवाळीत बहीण माहेरी आली तेव्हा भाच्याने हा नकाशा खेळायला घेतला. त्याला मोबाइलवरचे खेळ ठाऊक. हे जुनं चित्र बघून आधी नाक मुरडलं. "मामा, हा घाटात भल्ला हळू चालते." खडकाळ जमीन आहे, म्हटलं. त्याने रतनकुंवर घेतली होती, कारण यादीत ती एकटीच बाई आणि तिच्याकडे सुरुवातीला फौज सगळ्यात कमी. अवघड तेच घ्यायचं असा त्याचा शिरस्ता. दोन महिने त्याने झकास राज्य केलं. देवगड घेतलं, खालच्या मँगनीजच्या खाणी घेतल्या, राखाडी रामाकोनाही घेतलं, तेही पाणचक्कीसाठी. मग निरोप आला आणि सोनं गेलं.

"हा कोण रघूजी? यायले तर मीच बोलावलं होतं ना?"

होय म्हटलं.

"मंग पैसे काहून घेते?"

मी त्याला 1739 आणि 1743 सांगायला लागलो. त्याने अर्धवट ऐकलं, डाव तसाच टाकला आणि नवा सुरू केला. या खेपेला त्याने रघूजी घेतले, आणि तिसरा महिना लागायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात नागपूरवर चाल केली.